ज्याने उघडला त्याने मिटायचा

चाकू घ्यायचा म्हटलं की लोक दुकानात जातात, पुढ्यात येईल तो उचलतात, पैसे टाकतात आणि घरी येतात. अशा लोकांची मास्तरांना कीव यायची. मास्तर स्वतः चाकू बघायला लागले की दुकानदार आधी खुर्ची द्यायचा, मग पाणी द्यायचा आणि शेवटी जांभई द्यायचा. "माझ्याशी लग्न ठरवताना एवढी पारख केली असतीत तर दोघंही सुटलो असतो," असं त्यांची बायको म्हणायची. त्यावर मास्तर म्हणायचे, "तेव्हा मला एवढी अक्कल कुठे होती?" आणि दोघंही हसायची.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. तंबू आणि ताडपत्र्या शिवणाऱ्या एका कारखान्यात ते कटाई मास्तर होते. खोलीभर लांबीचं एक टेबल, त्यावर अंथरलेलं जाड कापड, खडूची रेघ, आणि त्या रेघेवरून सरळ जाणारा मास्तरांचा हात. लांब काप मोठ्या कात्रीने व्हायचे, पण कोपरे, दोर, कडांचे दुमड, कडी बसवायची भोकं हे सगळं चाकूचं काम. म्हणून कारखान्यात प्रत्येकाच्या खिशात घडीचा चाकू असायचा. चाकू घरी विसरलेल्या माणसाकडे तिथे लोक पायजमा विसरल्यासारखं बघत.

आणि चाकूचा एक नियमही होता. थोरले मालक हयात असताना एकदा चाकू उघडा धरून दोराची गाठ सोडवत बसले होते. शेजारच्याने मदत करायची म्हणून पातं मिटवलं. मालकांचं बोट मुठीच्या खाचेत होतं, त्याचं टोक गेलं. तेव्हापासून ठरलं, ज्याने उघडला त्याने मिटायचा. दुसऱ्याचा उघडा चाकू हातात आला तर काम करून उघडाच परत द्यायचा, आणि टेबलावर उघडा दिसला तर हात लावायचा नाही. एकदा शिवणवाल्या काकू ताप भरला म्हणून अर्ध्या दिवसाने घरी गेल्या आणि चाकू टेबलावर उघडाच राहिला. कुणी मिटला नाही. त्यावर कड्यांचा रिकामा डबा पालथा घातला आणि काम चालू ठेवलं. काकू बऱ्या होऊन आल्या, डबा उचलला, चाकू मिटला आणि म्हणाल्या, "एवढे दिवस डांबून ठेवलंत बिचाऱ्याला, कुणी जेवायला तरी घातलंत का?" आता कारखाना थोरल्या मालकांच्या मुलाकडे होता. त्याने भिंतींचा रंग बदलला, हजेरीची पद्धत बदलली, पण हा नियम काही बदलला नाही.

याच कारखान्यात मास्तरांचा साडू होता. साडू-साडूंचं नातं मोठं गमतीचं असतं. एकाच सासऱ्याने दोघांना गंडवलेलं असतं, त्यामुळे रडगाणं गायला हक्काचं माणूस मिळतं. मेहुणीचं लग्न झालं आणि वर्षभरातच साडूची नोकरी गेली, तेव्हा मास्तर थोरल्या मालकांपुढे जाऊन उभे राहिले होते. "माझा माणूस आहे," एवढंच म्हणाले होते. थोरल्या मालकांनी पुढे काही विचारलं नाही. साडू कोठारात लागला, आणि हळूहळू कोठाराच्या किल्ल्या त्याच्या कमरेला आल्या. माणूस गोड बोलायचा. कुणाला कधी नाही म्हणायचा नाही, आणि हो म्हणून काय करायचा तेही पटकन लक्षात यायचं नाही.

सध्या कारखान्यात एकच विषय होता. कापड कापायचं यंत्र येणार होतं. मालकांनी ते मागवलं होतं, त्यासाठी भिंतीलगतची जागा रिकामी करून घेतली होती. कोण राहणार, कोण जाणार, याची कुजबुज शिवणाच्या प्रत्येक ओळीत चालायची. मास्तर मोठ्याने म्हणायचे, "सरळ रेघ यंत्र कापेल रे, पण तंबूचा शेंडा कोण कापेल? फाटकी कनात दुरुस्तीला आली तर यंत्र तिच्याशी काय बोलणार?" ते खरंही होतं. माझ्या टेबलाला कुणी हात लावत नाही, असं ते सगळ्यांना सांगत, आणि स्वतःलाही.

पण मनात धाकधूक होती, आणि ती यंत्राची नव्हती. उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारची, बधिर व्हायला लागली होती. सकाळी तर आपली बोटं कुणी उसनी नेलीत असंच वाटायचं. एके दिवशी दुमड कापताना चाकू घसरला आणि तंबूच्या भिंतीचा आख्खा पट्टा तिरका गेला. तो पट्टा गुंडाळून ते तडक कोठारात गेले, दार लोटलं आणि साडूला सगळं सांगितलं. बायकोला सांगितलं नव्हतं ते त्याला सांगितलं. हे टेबल गेलं तर मी घरी बसून काय करू, भिंती मोजू का, असं म्हणताना त्यांचा आवाज थोडा फुटला.

साडूने पट्टा घेतला, दोरांच्या भेंडोळ्यांमागे टाकला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "झाकली मूठ सव्वा लाखाची, मास्तर. ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही."

त्या रात्री मास्तरांना बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

पुढे काही दिवसांनी साडूने त्यांना कोठारात बोलावलं. चहा आधीच मागवून ठेवला होता. "एक काम होतं, मास्तर. माझे थोरले भाऊ निवृत्त होतायत. त्यांना एक चांगला घडीचा चाकू द्यावा म्हणतो. आता चाकू म्हटला की तुमच्याशिवाय कोण आहे? मला तर धार कुठल्या बाजूला असते तेही कुणीतरी सांगावं लागतं."

मास्तरांना हरभऱ्याच्या झाडावर चढवायला एवढं पुष्कळ होतं. साडूचे हे थोरले भाऊ दूर कुठेतरी राहायचे, मास्तरांनी त्यांना लग्नात काय ते एकदा बघितलेलं. पण चाकू बघायचा होता, तोही दुसऱ्याच्या पैशाने. ते म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी जाऊ. आणि घाई करायची नाही, आधीच सांगून ठेवतो."

सुट्टीच्या दिवशी सकाळी मास्तर निघाले ते खिशात दोराचा तुकडा, कापडाची चिंधी आणि आपला जुना चाकू घेऊन. जुना चाकू मासा छाप होता. थोरल्या मालकांनी हातात दिलेला. धार लावून लावून पातं निम्मं झालं होतं आणि टोक कधीच मोडलं होतं, पण उघडताना अजून टक वाजायचा.

दुकान हत्यारांचं होतं. करवती, पकडी, कुलपं, आणि काचेच्या एका पेटीत चाकू. दुकानदार जाडजूड आणि मोठ्या धीराचा माणूस होता, निदान सुरुवातीला. त्याने तीन कारखान्यांचे तीन चाकू काढून फडक्यावर ठेवले. एक मासा छाप, एक किल्ली छाप, एक हरीण छाप.

मास्तरांनी अर्थातच आधी मासा छाप उचलला. उघडला. टक वाजला, पण आवाज पोकळ होता. त्यांनी मूठ एका हातात धरली, पात्याचं टोक दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरून डावीकडे उजवीकडे हलवलं. पातं हललं. मग मिटून उजेडाकडे धरला, तर पातं आणि त्याला दाबून धरणारी पोलादी कमान यांच्या मधून उजेड दिसत होता. त्यांनी आपला जुना काढून शेजारी ठेवला. जुन्यात अजून केसभर फट नव्हती.

"हा मासा तो मासा नाही," मास्तर म्हणाले.

"कंपनी तीच आहे हो," दुकानदार म्हणाला. "छाप बघा की."

"छाप तोच आहे. आतला माल बदललाय. पूर्वी खिळा पितळेचा असायचा, आता पितळेचा रंग दिलाय." मास्तरांना खरोखर वाईट वाटलं. ओळखीच्या माणसाने रस्त्यात तोंड फिरवावं तसं झालं. त्यांनी चाकू मिटून फडक्यावर ठेवला आणि पुन्हा त्याच्याकडे बघितलं नाही.

मग किल्ली छाप. काळी मूठ, कुठे नक्षी नाही, काही नाही. पात्याच्या पाठीवर एक लहानसं बोंड होतं, अंगठ्याने ढकललं की पातं उघडायचं आणि खटका बसायचा. मास्तरांनी अंगठ्याने ढकललं. शेजारच्या दोन बोटांना काही करावंच लागलं नाही. त्यांनी पुन्हा मिटून पुन्हा उघडला. पात्याची धार हलकेच नखावर टेकवली, ती घसरली नाही, जागच्या जागी धरून राहिली. दोराचा तुकडा एका ओढीत तुटला. मिटल्यावर टोक मुठीत पूर्ण बुडत होतं, म्हणजे खिसा फाटायची भीती नाही. पात्याला पाणीही बरोबर दिलेलं होतं, फार कडक नाही, फार मऊ नाही. मास्तरांनी तो पाच-सहा वेळा उघडला-मिटला. असा चाकू असेल तर बोटं राहोत नाहीतर जावोत, अजून काही वर्षं टेबल सुटत नाही, असं त्यांच्या मनात आलं. त्यांचा चेहरा इतका उजळला की साडूने नजर दुसरीकडे वळवली.

"आणि हा बघा, हा आमचा राजा," म्हणत दुकानदाराने हरीण छाप स्वतः उघडून मास्तरांच्या हातात दिला. शिंगाची मूठ, तिच्यावर रुप्याची पट्टी, आरशासारखं पातं. मास्तरांनी तो उलटसुलट करून बघितला, चिंधीवर चालवला आणि उघडाच दुकानदारापुढे धरला.

"मिटा की," दुकानदार म्हणाला.

"तुम्ही उघडलात, तुम्ही मिटा."

"अहो, एवढंसं तर काम आहे."

"एवढ्याशा कामातच बोट जातं."

दुकानदार साडूकडे बघायला लागला. साडू हसला. "आमच्या कारखान्याची रीत आहे ती. ज्याने उघडला त्याने मिटायचा. जीव गेला तरी मोडायची नाही." दुकानदाराने मुकाट्याने चाकू घेतला आणि मिटला.

मग मास्तरांनी तो स्वतः उघडून बघायचं ठरवलं. पात्यावर नख अडकवायची बारीक खाच होती आणि कमान भलती कडक. मास्तरांचं नख घसरलं. पुन्हा घसरलं. दुकानदार करवतींकडे बघत होता, पण साडूचं लक्ष बोटांवर होतं. मास्तरांनी तो नाद सोडला आणि चाकू खाली ठेवला.

"मग, मास्तर, काय म्हणता?" साडूने विचारलं.

"भाऊ निवृत्त झाल्यावर काय करणार आहेत? कुठे काही काम धरणार?"

"छे हो. घरीच बसणार. आराम."

"मग हा हरीण घे. दिसायला देखणा आहे. सफरचंद कापावं, पेन्सिलीला टोक काढावं, आल्या-गेल्याला दाखवावा. धार फार टिकायची नाही, पण टिकवायचीय कुणाला?" मास्तर आता रंगात आले होते. "फक्त एक लक्षात ठेव. काम करणाऱ्या माणसाला हा कधी देऊ नकोस. तो म्हणेल, मला जिवंतपणीच फोटोत बसवलंत का?"

दुकानदार खो खो हसला. साडू हसला नाही. तो खिशात पाकीट चाचपत राहिला, जे दुसऱ्या खिशात होतं.

"आणि हा किल्ली मी घेतो," मास्तर म्हणाले. "माझ्यासाठी."

"आत्ता कशाला?" साडू एकदम म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "म्हणजे तुमचा जुना आहे की अजून. पुढच्या महिन्यात बघू. घाई करायची नाही, तुम्हीच म्हणालात ना?"

मास्तरांना वाटलं, बिचारा आपल्या खर्चाची काळजी करतोय. धाकट्या साडूने थोरल्याची काळजी करावी, ही घराची रीतच होती. त्यांनी किल्ली छाप परत ठेवला आणि दुकानदाराला म्हणाले, "हा बाजूला काढून ठेवा. मी येतोय." परत येताना साडूने त्यांना आग्रह करून दोन चहा पाजले.

यंत्र आलं त्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी बायकोने मास्तरांचा चांगला शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला होता.

"आज काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. यंत्र आलंय ना, चार लोक येतील बघायला. जरा बरे दिसा," ती म्हणाली, आणि गॅसकडे तोंड करून उभी राहिली. "संध्याकाळी माझी धाकटी बहीण यायचीय जेवायला. दोघंही."

मास्तरांनी शर्ट घातला. बटणं लावायला आजकाल वेळ लागायचा. आज बायकोने पुढे होऊन वरची दोन लावून दिली आणि त्याबद्दल काही बोलली नाही. एरवी ती बोलल्याशिवाय राहणारी बाई नव्हती.

दुपारी काम थांबलं. मोठं टेबल झाडूनपुसून त्यावर बिस्किटं आणि कप मांडले होते. मास्तरांना प्रथम राग आला तो याचा. कापायच्या टेबलावर ओलं काही ठेवायचं नाही, हे नव्या पोरीलाही माहीत असतं. कुणी ठेवलं हे, असं ते विचारणार, तेवढ्यात मालक पुढे आले आणि त्यांनी मास्तरांचा हात धरून त्यांना मधोमध उभं केलं.

मालक तसे भले होते. त्यांना बोलता येत नसे, म्हणून ते भरभर बोलत. "मास्तर म्हणजे आमच्या वडलांच्या वेळचे. त्यांनी कापलेले तंबू अजून उभे आहेत. पण माणसाने किती राबायचं? मास्तर स्वतः कधी तक्रार करणार नाहीत. बोटं बधिर झाली तरी सांगणार नाहीत. तो तिरका पट्टा मी बघितला तेव्हा मला फार वाईट वाटलं. नुकसानाचं नाही हो. उद्या हात कापला गेला असता तर? आपल्या साडूंनी वेळेवर माझ्या कानावर घातलं, म्हणून बरं. शेवटी घरचं माणूस ते घरचं माणूस. तर आजपासून मास्तरांनी आराम करायचा, आणि कटाईचं खातं साडू बघतील. यंत्राचं काम तेच शिकून आलेत."

टाळ्या वाजल्या. काकूंनी डोळ्याला पदर लावला.

मास्तर कोठाराच्या दाराकडे बघत होते. दोरांची भेंडोळी इथूनही दिसत होती. त्या खोलीत दोन माणसं होती, तिसरं कुणी नव्हतं. यंत्राचं शिकून आला, म्हणजे हे शिक्षण कधीपासून चाललं होतं? चहा पाजला तेव्हा चालू होतं का? खांद्यावर हात ठेवला तेव्हा? आणि मग त्यांना सकाळचा शर्ट आठवला, ती दोन बटणं आठवली. घरालाही माहीत होतं. साडूने धाकटीला सांगितलं, धाकटीने थोरलीला, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की मास्तरांना सांगायचं नाही. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे, तर मी आता विचारायच्या लायकीचा उरलो नाही म्हणून. एकट्या साडूने गळा कापला असता तर ते भांडले असते. आता भांडायचं तरी कुणाकुणाशी?

"आणि ही आमची सगळ्यांची भेट," मालक म्हणाले. त्यांनी एक लहान डबी पुढे केली. "आम्हाला चाकूतलं काय कळतं? पण साडूंनी युक्ती केली. मास्तर, हा तुम्हीच निवडलाय, तुम्हाला न कळता."

सगळे हसले. युक्ती सगळ्यांना फार आवडली. मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तरांचीच पारख, मास्तरांनाच बक्षीस." साडूही हसत पुढे आला. त्याच्या कमरेला किल्ल्या नव्हत्या, त्या कोठारातल्या नव्या माणसाकडे गेल्या होत्या.

मास्तरांनी डबी उघडली. शिंगाची मूठ, रुप्याची पट्टी. हरीण मान वळवून त्यांच्याकडे बघत होतं.

सफरचंद कापावं, पेन्सिलीला टोक काढावं, आल्या-गेल्याला दाखवावा. मास्तरांना आपलेच शब्द एकेक करून ऐकू आले. त्यांनी मान वर केली आणि साडूकडे बघितलं. साडूलाही ते शब्द आठवत होते, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"तुमच्या भल्यासाठीच हो, मास्तर," तो जवळ येऊन हळूच म्हणाला. "मला सांगवत नव्हतं. धाकटीला विचारा, किती रात्री मला झोप नाही."

"मला मात्र लागली होती रे," मास्तर म्हणाले. "तुला सांगितलं त्या रात्री."

साडूने मालकांकडे चोरून बघितलं.

"भाऊ कसे आहेत तुझे? निवृत्त होणारे?"

"मास्तर, सगळ्यांसमोर नको."

"नाही, त्यांना कळव. म्हणावं, चाकू पोचला."

काकू म्हणाल्या, "उघडून तरी दाखवा, मास्तर. आम्ही अजून बघितलाही नाही." बाकीचेही म्हणाले, उघडा, उघडा. मास्तरांनी डबी टेबलावर ठेवली आणि चाकू हातात घेतला. खाच बारीक होती, कमान कडक होती. बोटांना काही कळत नव्हतं, म्हणून त्यांनी डोळ्यांनी बघून नख बरोबर खाचेत बसवलं. साडू पुन्हा त्याच बोटांकडे बघत होता. मास्तरांनी ओढलं. पातं उघडलं आणि टक वाजला.

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

मास्तरांनी चाकू फिरवून मूठ साडूपुढे केली. "हा धर. धार बघ. आता तू कटाई मास्तर, धार तूच बघायची."

साडूने घेतला. चाकू मुठीकडून पुढे आला की घ्यायचा, ही सवय तिथे प्रत्येकाला होती. त्याने उगाच पात्यावरून नजर फिरवली आणि "छान आहे," म्हणत चाकू परत पुढे केला. मास्तरांनी हात पुढे केला नाही. त्यांनी खिशातून आपला मोडक्या टोकाचा मासा छाप काढून बघितला, मिटलेलाच होता, आणि परत ठेवला. मग टेबलावरचे कप बाजूला सारले, खाली सांडलेला चहा चिंधीने कोरडा केला आणि ते दाराकडे निघाले.

"मास्तर, चाकू राहिला तुमचा," मालक म्हणाले.

"असू द्या."

"अहो, निदान मिटून तरी जा," साडू म्हणाला. आवाजात थोडं हसू होतं, थोडी काकुळत. उघडा चाकू हातात धरून तो टेबलाजवळ उभा होता, आणि शिवणाच्या सगळ्या ओळी त्याच्याकडे बघत होत्या. त्याचा अंगठा पात्याच्या पाठीवर गेला होता. काकूंनी त्याच्याकडे बघितलं, तेव्हा त्याने अंगठा मागे घेतला.

मास्तर उंबऱ्यावर थांबले. "मिटतो ना. मीच उघडलाय, मीच मिटेन. उद्या कामावर आलो की मिटतो."

मालकांनी मान खाली घातली. काकू उठल्या, कड्यांचा डबा टेबलावर रिकामा केला, कड्या खळाळत पसरल्या, आणि तो रिकामा डबा त्यांनी साडूच्या समोर आणून ठेवला.

मास्तर बाहेर पडले. फाटकापर्यंतचा रस्ता त्यांनी सावकाश चालत काढला, आणि चालताना ते कान मागे लावून होते. पातं मिटल्याचा आवाज काही आला नाही.